ऐनाचं लाकूड, कारवीची काडी

रेवदंड्याची खाडी ओलांडून साळावला उतरलं की मुरूडचा रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून निघतो. कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव अशी गावं एकामागून एक येत राहतात. डाव्या हाताला फणसाडचं रान उतरत आलेलं, उजव्या हाताला वाड्या, आणि वाड्यांच्या पलीकडे कधी दिसणारा, कधी नुसताच ऐकू येणारा समुद्र. माडांची दाटी एवढी की थोड्या वेळानं डोळा त्यांना सरावतो. मग मधेच बांधाच्या कडेला एखादा ताड उभा दिसतो. काळा, सरळसोट, डोक्यावर पंखेदार पानांचा भार घेतलेला. माडाला शिंपणं असतं, खत असतं, वाटणीपत्रात त्याची मोजदाद असते. ताडाकडे माणसं बघतात ती उन्हाळ्यात ताडगोळ्यांसाठी, नाहीतर भल्या पहाटे नीरेसाठी. बाकी वर्षभर तो आपला एकटा वाऱ्यात सळसळत असतो.

नांदगावच्या अशाच एका माडांच्या वाडीत 2007 साली एक घर पुरं झालं आणि त्याला या ताडाचं नाव मिळालं : पामायरा हाऊस. घर खासगी आहे, सुट्टीत येऊन राहण्याचं. आपल्याला ते भेटतं छायाचित्रांतून आणि आराखड्यांतून. मी ती छायाचित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा पानं उलटणं थांबवून बराच वेळ बसून राहिले. दोन लांबट लाकडी इमारती, एकमेकींपासून जरा सरकवून ठेवलेल्या. मधे चौक, चौकात पाण्याचा लांब हौद. भिंती म्हणाव्यात तर बहुतेक ठिकाणी भिंती नाहीतच, खालपासून वरपर्यंत झिलमिल्या आहेत, आणि त्या झिलमिल्यांच्या पट्ट्या ताडाच्या खोडातून काढलेल्या. घराचा सांगाडा ऐनाचा. पाया आणि जोतं इथल्याच काळ्या दगडाचं. गिलाव्याला रंग दिलाय तो त्याच जागेवरच्या वाळूनं. पाणी वाडीतल्या तीन विहिरींचं : गाळून मनोऱ्यावरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून ते आपल्या वजनानं घरात उतरतं. वाडी शिंपायचे दगडी पाट आहेत, त्यांच्या जाळ्यातच घर बसवलेलं आहे.

ताड, ऐन, काळा दगड, वाळू, विहीर, पाट. अलिबागच्या अष्टागरात वाढलेल्या कुणाही माणसाला ही यादी नवी नाही. आमच्या आजोळच्या घराचा हिशेब कुणी मांडला असता तर याहून फार वेगळं काही निघालं नसतं. नवी होती ती या वस्तूंकडे बघणारी नजर. आम्ही ज्या झाडाला बांधावरचं म्हणून सोडून दिलं होतं, त्याचं खोड कुणीतरी चिरून पाहिलं होतं, त्याचे काळे कडक धागे उन्हात कसे दिसतात ते पाहिलं होतं, आणि पावसाचं तोंड ज्या बाजूला आहे त्या बाजूला ते उभं करण्याचं धाडस केलं होतं. अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तो सरळ पडत नाही. झड समुद्राकडून आडवी येते आणि दाराच्या फटीतून माजघरापर्यंत पोचते. अशा पावसाच्या वाटेत लाकडाची जाळी उभी करायची तर लाकूड मनापासून ओळखीचं असावं लागतं.

हे घर स्टुडिओ मुंबईनं बांधलं. ‘बांधलं’ हे क्रियापद मी जाणीवपूर्वक लिहिते आहे. स्टुडिओ मुंबईचे संस्थापक बिजॉय जैन यांचा जन्म मुंबईचा, 1965 सालचा. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी 1990 मध्ये वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी घेतली. लॉस एंजेलिसला रिचर्ड मायर यांच्याकडे, जिथे इमारतींच्या प्रतिकृती घडवतात त्या कार्यशाळेत, त्यांनी काम केलं. पुढे लंडनला काही काळ काढला आणि 1995 मध्ये ते परत आले. परत आल्यावर त्यांनी जे मांडलं त्याला कचेरी म्हणणं अवघड आहे. अलिबागच्या बाजूला, मुंबईपासून खाडीपलीकडे, सुतार, गवंडी आणि वास्तुरचनाकार एकाच आवारात बसून काम करू लागले. सुतारांपैकी बरेचसे राजस्थानातून आलेले, पिढीजात. भराच्या काळात तिथे शंभराहून अधिक माणसं होती. कागदावरची रेघ आणि लाकडावरची रेघ तिथे एका हाकेच्या अंतरावर ओढली जात होती.

कामाची पद्धत अशी की खिडकी ठरायची तर आधी ती खिडकी खऱ्या मापाची करून आवारात उभी करायची. जिन्याचं वळण ठरायचं तर तेवढंच वळण बांधायचं, त्यावरून चढून-उतरून पाहायचं. नाही पटलं तर मोडायचं. सुतार आपापल्या वह्यांत रेखाटनं करायचे. त्या वह्यांत एकच जोड अनेक बाजूंनी, कधी लाकडाच्या आतून बघितल्यासारखा काढलेला असे. मोठे आराखडे प्लायवुडच्या फळ्यांवर काढले जायचे. फळीवरचा आराखडा कामाच्या जागी नेता येतो, त्यावर धूळ बसली तर पुसता येते, पाऊस लागला तरी तो लगदा होत नाही.

हे वाचताना मला आमचे मेस्त्री आठवतात. आजोळी चौलला पावसाआधी ते यायचे आणि पडवीतच मुक्काम ठोकायचे. त्यांच्याकडे करवत, रंधा, पटाशी, गुण्या, ओळंबा आणि गेरूत बुडवलेलं सूत एवढंच सामान. कुठल्याही कामाचा नकाशा त्यांच्याकडे कधी नसे. आजोबा ओटीवर झोपाळ्यात आणि मेस्त्री पायरीवर, अशी दोघांची बोलणी चालायची आणि त्या बोलण्यातच काम ठरत जायचं.

“मेस्त्री, या भिंतीला एक खिडकी काढू या. उजेड कमी पडतो.”

“काढू की तात्या. पण झड कुठनं येते ते बघितलंत का? इथं खिडकी केलीत तर आषाढात देव भिजतील तुमचे.”

मग कोळशानं जमिनीवर रेघा. मग एखाद्या टाकाऊ फळीवर त्या खिडकीचा कोपरा खरा करून दाखवणं, एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, वर खुंटी मारून. आजोबा तो कोपरा हातात घेऊन हलवून बघायचे. हलला नाही की काम सुरू. आम्हा मुलांना त्या भुशात खेळायची मुभा होती, पण सुताला हात लावायची नव्हती. दोन टोकं दोघांनी धरायची, ताणायची, मधे बोटानं उचलून सोडायची. फट्कन आवाज यायचा आणि लाकडावर लाल रेघ उमटायची. तशी सरळ रेघ मी पुढे कुठल्याही पट्टीनं मारलेली पाहिली नाही.

घर मनात धरणारा आणि हातानं घडवणारा एकच, किंवा निदान एकाच ओटीवर बसलेला, ही आपल्याकडची रीतच होती. गावगाड्यात सुताराला बलुतं होतं ते काही उगीच नव्हे. पुढे शहरं वाढली, नकाशे मंजूर करून घ्यावे लागू लागले, कंत्राटदार आला, निविदा आल्या. विचार करणारी खोली एका मजल्यावर गेली आणि करवतीचा आवाज दुसऱ्याच गावाला. हे व्हायलाच नको होतं असं मी म्हणणार नाही. रुग्णालयं, धरणं, शंभर मजल्यांचे मनोरे ओटीवरच्या बोलण्यातून उभे राहत नाहीत. पण घराच्या बाबतीत आपण जे गमावलं ते फार मोलाचं होतं, आणि स्टुडिओ मुंबईनं ते परत मांडून दाखवलं. माझ्या लेखी त्यांचं खरं काम हे. घरं त्यानंतर.

मग लोकांचं लक्ष गेलं. गेलं म्हणजे एकदम गेलं. 2009 मध्ये शाश्वत वास्तुकलेचा जागतिक पुरस्कार बिजॉय जैन यांना मिळाला. 2010 मध्ये पामायरा हाऊस आगा खान पुरस्काराच्या अंतिम यादीत गेलं. त्याच वर्षी व्हेनिसच्या वास्तुकला बिएनालेचं निमंत्रण आलं आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचंही. 2011 मध्ये ‘एल क्रोकिस’ या स्पॅनिश नियतकालिकानं, ज्यात काम छापून येण्याची जगभरचे वास्तुरचनाकार वाट बघतात, अख्खा एक अंक त्यांना दिला. 2012 मध्ये स्वित्झर्लंडचा पुरस्कार, फिनलंडचा लाकडी वास्तुकलेचा पुरस्कार आणि टोकियोत प्रदर्शन. एवढ्या थोड्या काळात एवढं कौतुक अंगावर आलं की चांगली चांगली माणसं वाहून जातात. कामाची जागा ओस पडते आणि बैठकीची खोली गजबजते.

व्हेनिसला त्यांनी काय नेलं ते पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी बिएनालेची सूत्रं जपानच्या काझुयो सेजिमा यांच्याकडे होती आणि विषय होता माणसांचं वास्तुकलेत भेटणं. तिथे एखाद्या देखण्या घराची मोठमोठी छायाचित्रं लावता आली असती. स्टुडिओ मुंबईनं आपली कामाची जागाच उचलून नेली. नमुन्यासाठी केलेले खिडक्यांचे आणि कोपऱ्यांचे तुकडे, लाकडाच्या प्रतिकृती, दगड-मातीचे नमुने, हत्यारं, सुतारांच्या वह्या. ‘वर्क-प्लेस’ एवढंच त्याचं नाव. जुन्या आर्सेनालेच्या दालनात, जिथे एकेकाळी व्हेनिसचे सुतार आरमारासाठी जहाजं बांधत, तिथे अलिबागच्या आवारातलं सामान मांडलं गेलं. जहाजं बांधणाऱ्यांच्या त्या जागेत रंधे आणि पटाश्या परक्या वाटल्या नसतील. परीक्षकांनी या मांडणीचा विशेष उल्लेख केला. त्याच वेळी तसाच विशेष उल्लेख चीनच्या वांग शू यांच्या स्टुडिओचाही झाला. तेही जुन्या विटा-कौलांनी आणि कारागिरांबरोबर बांधणारे, आणि दोनच वर्षांनी त्यांना वास्तुकलेतलं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. म्हणजे त्या सुमारास जगाची मान त्या दिशेला वळू लागली होती हे खरं. पण वळलेल्या मानेला काय दाखवायचं हा निर्णय ज्याचा त्याचा असतो. आपण केलेल्या वस्तूऐवजी आपण ती कशी करतो ते उघडं करून ठेवणं याला मी मोठेपणा म्हणते. वहीतली खोडलेली रेघ लोकांसमोर ठेवायला पक्क्या घराचा फोटो ठेवण्यापेक्षा जास्त विश्वास लागतो.

लंडनला त्यांनी याहून विलक्षण गोष्ट केली. मुंबईतल्या त्यांच्या जागेशेजारी, दोन इमारतींच्या मधल्या अरुंद बोळात, झाडाला कवेत घेऊन एक चिंचोळं घर उभं होतं. माणसांनी जागा मिळेल तसं वाढवत नेलेलं. मुंबईत अशी घरं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, आपण त्यांना घर म्हणून मोजतही नाही. स्टुडिओ मुंबईच्या लोकांनी त्या घराचं माप घेतलं आणि खऱ्या आकारात ते प्लास्टरमध्ये उतरवून संग्रहालयात उभं केलं. या संग्रहालयात ओतीव प्रतिकृतींची प्रचंड दालनं आहेत. रोमच्या ट्रेजनच्या स्तंभाची प्रतिकृती तिथे आहे, तीही एका तुकड्यात मावली नाही म्हणून दोन तुकड्यांत उभी केलेली. युरोपनं एकोणिसाव्या शतकात जे जे जतन करण्याजोगं मानलं त्याचे ठसे त्या दालनांत आहेत. त्यांच्या शेजारी मुंबईच्या बोळातल्या बिननावाच्या कुटुंबाचं घर, तितक्याच काळजीनं ओतलेलं. मला विचाराल तर त्या वर्षीची ही सगळ्यांत मोठी घटना होती. सार्वजनिक लक्ष ही मिळालेली ताकद असते. ती त्यांनी त्या बोळातल्या घराकडे वळवली.

मधल्या काळात इथली कामं चालूच होती. काशीदचं तारा हाऊस आधीच झालेलं, त्याच्या अंगणाखाली भूजलानं भरलेली एक खोली आहे, पायऱ्या उतरून पाण्यापाशी जायचं. चोंढीच्या कॉपर हाऊसमध्ये विहीर खोदताना निघालेली माती घराभोवतीची जमीन उचलायला वापरली. महालक्ष्मीच्या सात रस्त्याला एका जुन्या गोदामाच्या आत चौक काढून राहण्या-काम करण्याच्या जागा केल्या. डेहराडूनजवळ विणकामाची एक कार्यशाळा, जपानच्या ओनोमिचीत डोंगरउतारावरच्या जुन्या चाळवजा इमारतीचं पुनरुज्जीवन. यांतल्या प्रत्येकावर लिहिता येईल. पण माझं मन अडकलंय ते मेलबर्नच्या मांडवात.

2016 मध्ये मेलबर्नच्या क्वीन व्हिक्टोरिया बागेत तेव्हा दर वर्षी उभारल्या जाणाऱ्या एमपॅव्हिलियनचं काम स्टुडिओ मुंबईला मिळालं. त्यांनी बांबूचा मांडव घातला. भारतातून नेलेला 7 किलोमीटर लांबीचा बांबू, 26 किलोमीटर दोरी, 5000 लाकडी खुंट्या आणि तिथलाच 50 टन निळसर काळा दगड. सगळे सांधे बांधलेले. छताच्या मधोमध उघडी जागा आणि तिच्या बरोबर खाली सोनेरी विहीर. दाराशी एक उंच ताजिया, आपल्याकडे ताबूत म्हणतात तसा, बांबूच्या कामट्यांचा. आणि छप्पर कशाचं? कारवीच्या काड्यांचं. भारतात कारागिरांनी चार महिने बसून त्या काड्यांच्या चौकटी केल्या.

कारवी! सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात माजणारं हे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदा फुलतं, सगळा डोंगर जांभळा करून टाकतं आणि वाळून जातं. त्या वाळक्या काठ्या उभ्या रचून, शेणमातीनं लिंपून कुडाची भिंत होते. रायगडातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं अशा भिंतींच्या आडोशाला राहत आली आहेत. कुडाचं घर म्हणजे गरिबीचं घर, असं आमच्या लहानपणी गृहीतच असायचं. हाताशी चार पैसे आले की पहिल्यांदा कूड पाडून विटेची भिंत घालायची. त्यात काही चूक नव्हती. उंदीर-घुशी, वाळवी, गळणारं छप्पर यांत राहणाऱ्यानंच ठरवायचं असतं त्याला काय हवं ते. तरीही ज्या काडीला इथे कुणी किंमत दिली नाही, तिच्या सावलीत मेलबर्नच्या लोकांनी अख्खा उन्हाळा काढला, गाणी ऐकली, मुलं खेळवली, हे कळल्यावर माझा ऊर भरून आला. मांडव पुढे मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयाला गेला.

ताबुताचीही मला तेवढीच अपूर्वाई वाटली. मोहरममध्ये मिरवला जाणारा ताबूत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हिंदू-मुसलमान मिळून करत आलेत. कामट्या, सुतळी, रंगीत कागद, आणि रात्र रात्र जागणारे हात. तो खांद्यावर निघण्यासाठी केलेला असतो, म्हणून हलका असावा लागतो आणि डगमगूनही चालत नाही. बांधकामशास्त्रातला हा कठीण प्रश्न गल्लीतली पोरं कुठलंही गणित न मांडता दर वर्षी सोडवतात. त्या विद्येला वास्तुकलेच्या जगानं दारात उभं केलं, मानानं. 2023च्या डिसेंबरात पॅरिसच्या कार्तिए प्रतिष्ठाननं बिजॉय जैन यांचं जे मोठं प्रदर्शन भरवलं त्यातही बांबूचे ताबूत होते, मातीचे गिलावे होते, आणि सुताला रंग लावून मारलेल्या रेघा होत्या. वास्तुरचनाकार झां नूव्हेल यांच्या काचेच्या इमारतीत, चौलच्या पडवीतली ती लाल रेघ. आमचे मेस्त्री असते तर त्यांनी सूत ताणलेलं आहे की ढिलं राहिलंय एवढंच आधी पाहिलं असतं.

एवढं सगळं लिहून झाल्यावर दोन गोष्टी टाळून पुढे जाता येणार नाही.

पहिली, या भागातली त्यांची घरं ज्यांच्यासाठी झाली त्या माणसांची. ती मुंबईहून शनिवार-रविवारी येणारी आहेत. 2020च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि अलिबाग मुंबईच्या आणखी जवळ आलं. गावागावांतले सातबारे बदलत गेले. ज्यांनी जमीन विकली त्यांनी आलेल्या पैशातून स्लॅबचं घर बांधलं, आणि त्यांच्या जुन्या घरातले ऐनाचे, सागाचे खांब जुन्या लाकडाच्या वखारीतून फिरत फिरत कुणाच्या तरी बंगल्याच्या शोभेला लागले. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर आदळलं. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. कौलं उडाली, वासे उघडे पडले. त्यानंतर ज्याला जमलं त्यानं वर स्लॅब टाकला. अंधारात छप्पर उडताना ज्यानं ऐकलंय त्याला लाकूड आणि कौलांचं सौंदर्य समजावून सांगायला मी जाणार नाही. शिवाय ऐन काही बाजारातून पिशवीत भरून आणता येत नाही. 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत तो आहे, तोडायला परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. म्हणून पामायरा हाऊससारखी घरं सगळ्यांनी बांधावीत असं कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. ती घरं बांधायला पैसा आणि वेळ या दोन्ही गोष्टी मुबलक लागतात.

पण त्या घरांमागची पद्धत श्रीमंतांची नाही. आधी खरा नमुना करून बघणं, करणाऱ्याला ठरवण्याच्या बैठकीत बसवणं, शेजारच्या झाडाला आणि दगडाला विचारल्याशिवाय सिमेंटची गोणी न उघडणं, यातल्या कशालाच अधिक पैसे लागत नाहीत. केरळात लॉरी बेकर यांनी आयुष्यभर गवंड्यांबरोबर जागेवर उभं राहून साध्या माणसांसाठी स्वस्त घरं बांधली. कमी पैशात हे होतं याचा तो पुरावा आहे.

दुसरी गोष्ट नावाची. पुरस्कार माणसाला दिला जातो. 2020चं अल्वार आल्टो पदक बिजॉय जैन यांना मिळालं, आणि ते त्यांचंच आहे. वीस-पंचवीस वर्षं एका वाटेनं चालणं, एवढी माणसं धरून ठेवणं, मोह आल्यावरही कामाचा वेग न वाढवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. त्यांनी स्टुडिओला स्वतःचं नाव दिलं नाही, गावाचं दिलं. सुतारांच्या वह्या त्यांनी जगापुढे ठेवल्या. एवढं केल्यावरही मासिकांच्या पानावर, प्रदर्शनाच्या पाटीवर, लोकांच्या बोलण्यात नाव एकच उरतं. हा दोष त्यांचा नाही, बघणाऱ्यांचा आहे. आपल्याला एक चेहरा लागतो. मंदिराच्या शिलालेखात राजाचं नाव वाचून आपण पुढे सरकतो आणि ज्यानं तिथली कमान पेलवली त्याच्याबद्दल विचारायचं विसरतो. बाळकृष्ण दोशींना 2018 मध्ये प्रित्झकर मिळालं तेव्हा पुण्यात जन्मलेला माणूस म्हणून आपण सगळे आनंदलो. त्यांच्या घराण्यात लाकडी सामान घडवण्याचा व्यवसाय होता, हे त्या आनंदात किती जणांनी सांगितलं? रंध्याच्या आवाजात वाढलेल्या मुलाचा कान वेगळा घडतो. त्यांच्या इमारतींतल्या सावल्या बघताना मला तो आवाज ऐकू येतो.

ज्या सुतारानं आमच्या आजोळची खिडकी केली त्याच्या हातच्या चौकटी चौल-रेवदंड्यात अजून दहा-बारा घरांत असतील. पाऊस कुठून येतो हे जाणणाऱ्या त्या चौकटी आहेत. त्या कुणाच्या, हे सांगू शकणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. जगाचं लक्ष अलिबागच्या एका आवाराकडे गेलं, हे आपलं भाग्य. ते लक्ष तिथेच थांबू नये, शेजारच्या गावातल्या पडवीपर्यंत यावं असं मला फार वाटतं, आणि ते आणायला व्हेनिसहून कुणी येणार नाही.

म्हणून कोकणात ज्यांचं जुनं घर पाडायला निघालं आहे त्यांना माझं एक सांगणं आहे. पाडू नका असं मी म्हणत नाही, तुमची अडचण तुम्हाला ठाऊक. पण पाडण्याआधी एक दिवस गावातल्या जुन्या सुताराला बोलवा. दारं, खिडक्या, तुळया, माळ्याचा जिना, सगळ्याचं माप घ्या, वहीत उतरवून ठेवा. जवळच्या वास्तुकला महाविद्यालयात कळवा, मुलं आनंदानं येतात. जोड सोडवताना तो कसा बसवलेला होता त्याचे फोटो काढा. आणि हे घर ज्यानं बांधलं त्याचं नाव घरात कुणाला आठवत असेल, तर त्या वहीच्या पहिल्या पानावर ते लिहा.